संघटना : तारते की मारते?

गावातला मुलगा शहरात जातो. कारखान्यात कामाला लागतो. महिना होतो न होतो तोच कुणीतरी येऊन त्याला विचारतो, "काय रे, युनियनचा मेंबर होतोस का? वर्गणी दे."

मुलगा घरी विचारतो, "बाबा, काय करू?"

एक शेजारी म्हणतो, "होऊ दे की मेंबर. एकट्यादुकट्याला कोण पुसतं?" दुसरा म्हणतो, "नको रे बाबा! या युनियनपायीच मुंबईच्या गिरण्या बुडाल्या. माणसं देशोधडीला लागली."

बापाने कुणाचे ऐकावे? दोघांच्याही बोलण्यात काही खरे आहे. ते किती खरे, हे आपण पाहू.

एकट्याचे कोण ऐकते?

युनियन म्हणजे कामगारांची संघटना. ती कशाला हवी?

समजा, एका कारखान्यात पाचशे कामगार आहेत. त्यांतला एक जण मालकाकडे गेला. म्हणाला, "साहेब, पगार पुरत नाही." मालक म्हणेल, "पुरत नसेल तर जा. दारात दुसरे दहा उभे आहेत."

एका कामगारावाचून मालकाचे अडत नाही. पण कामावाचून कामगाराची चूल अडते. म्हणून हा सौदा बरोबरीचा नसतो. पाचशे जण एक झाले, की मालकाचेही अडते. मग तो बसून बोलतो. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो ना? तीच ही गोष्ट.

रविवारची सुटी कुणी मिळवली?

मुंबईत कापडाची पहिली गिरणी १८५६ साली चालू झाली. पुढे अनेक गिरण्या निघाल्या. कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे तिथे कामाला गेली. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची ठरलेली सुटी नसे. पगार वेळेवर होत नसे. यंत्रात हात सापडला, तर ते कामगाराचे नशीब!

त्या वेळी नारायण मेघाजी लोखंडे नावाचे एक गृहस्थ पुढे आले. ते महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी होते. 'दीनबंधू' हे पत्र ते चालवीत. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. सभेत साध्या मागण्या ठरल्या. रविवारी सुटी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्या. कामावर इजा झाली, तर बरे होईपर्यंत पगार द्या. या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी आपली नावे दिली.

लगेच काही मिळाले नाही. पण लोखंड्यांनी काम सोडले नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन बायकाही बोलल्या. शेवटी १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी कबूल केली.

सुटी दिली म्हणून गिरण्या बुडाल्या का? नाही. त्यानंतरही नव्या गिरण्या निघतच राहिल्या.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कामगाराचा पगार वाढला, की तो पैसा पेटीत पडून राहत नाही. तो वाण्याकडे जातो, शिंप्याकडे जातो. मनिऑर्डरने गावी जातो. घराची कौले बदलतात, पोर शाळेत जाते. एकाच्या पगारावर अनेकांचा धंदा चालतो.

मग गिरण्या का बुडाल्या?

आता दुसऱ्या शेजाऱ्याचे म्हणणे पाहू.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढारी होते डॉक्टर दत्ता सामंत. पगार वाढवा आणि बदली कामगारांना कायम करा, अशा मागण्या होत्या. बदली कामगार म्हणजे कायम कामगार गैरहजर असला, तरच ज्याला काम मिळते तो.

त्या वेळच्या कायद्याने मान्यता दुसऱ्याच संघटनेला होती. मालक तिच्याशीच बोलत. पण कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता. ज्यांच्यामागे कामगार होते, त्यांच्याशी मालक बोलेनात. बोलणी होईनात आणि संपही मिटेना. वर्ष उलटले. बायकांनी अंगावरचे दागिने मोडले. पुष्कळ कामगार गावी परतले. गावाला येणारी मनिऑर्डर थांबली. मुंबईतल्या संपाने गावातली चूल विझली.

पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या. हजारो कामगारांना पुन्हा काम मिळाले नाही.

दोष एकट्या संपाचा होता का? तसे नाही. पुष्कळ गिरण्यांतली यंत्रे जुनी झाली होती. मालकांनी नवी आणण्यात पैसा घातला नव्हता. भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर स्वस्तात कापड निघत होते. गिरण्या आधीच अडचणीत होत्या. अशा वेळी लांबलेला संप कामगारालाच जास्त भोवला. मालकाजवळ जमीन होती. कामगाराजवळ काय होते? फक्त हात.

म्हणून संपात उतरताना परतीची वाटही ठरवून ठेवावी. तुटेपर्यंत ताणू नये.

हमालांनी काय केले?

डोक्यावर, पाठीवर ओझे वाहणाऱ्यांना माथाडी म्हणतात. त्यांना आज एक मालक, तर उद्या दुसरा. म्हणजे जबाबदारी कुणाचीच नाही. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईतल्या माथाडींची संघटना बांधली. लढा झाला आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडींसाठी कायदा झाला.

या कायद्याने मंडळे नेमली. हमाल मंडळात नाव नोंदवतो. व्यापारीही नाव नोंदवतो. व्यापारी मजुरी मंडळाकडे भरतो. वर थोडी जास्त रक्कम भरतो. त्या रकमेतून हमालाला भविष्यनिधी, रजेचा पगार आणि औषधपाणी मिळते. मालही हलतो आणि हमालाचे म्हातारपणही सांभाळले जाते. दोघांचेही भले होते.

पण इथेही कीड लागली. काही लोक माथाडींचे नाव सांगून, ओझे न उचलताच व्यापाऱ्याकडून पैसे उकळू लागले. अशा तक्रारी पुढे पुष्कळ झाल्या. यात खऱ्या हमालाचेच नाव जाते. धंदा दुसरीकडे गेला, तर त्याचीच मजुरी बुडते.

वर्गणी देण्याआधी

म्हणजे संघटना नुसती असून भागत नाही. ती कोण चालवतो आणि कशी चालवतो, हे पाहावे लागते. मुलाला सांगा, मेंबर जरूर हो, पण आधी एवढे विचार :

१. वर्गणीची पावती मिळते का?

२. वर्षाचा जमाखर्च सर्वांपुढे वाचतात का?

३. संपाआधी कामगारांचे मत घेतात का? की एकटा पुढारीच ठरवतो?

४. संप लांबला, तर घर कसे चालणार? त्यासाठी काही शिल्लक आहे का?

५. बदली आणि कंत्राटी कामगारांनाही जागा आहे का? की कायम झालेल्यांचेच पाहतात?

या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली, तर ती संघटना आपली. मिळाली नाहीत, तर पळून जाऊ नये. सभेत उभे राहून पुन्हा विचारावे. पावती नीट वाचावी. न वाचता कशावरही सही करू नये. मेंबर जागा असला, की पुढारी जागेवर राहतो.

विचार करा आणि सांगा

१. एकट्या कामगाराचा मालकाशी होणारा सौदा बरोबरीचा का नसतो?

२. १८८४ सालच्या मागण्यांपैकी कोणती मागणी तुम्हाला सर्वांत मोलाची वाटते?

३. १९८२ च्या संपाची झळ गावाला कशी लागली?

४. तुमच्या गावात शेतमजूर किंवा ऊसतोड कामगार आहेत का? त्यांची संघटना झाली, तर पहिली मागणी कोणती असावी? ती चार ओळींत लिहा.