धारयंत्राचा व्हॅक्यूम पंप : निगा राखा, धंदा मिळवा

संगमनेर, राहाता, राहुरी, श्रीरामपूर, नेवासा या पट्ट्यात सकाळी पाचच्या सुमारास रस्त्याने जा. गोठ्यागोठ्यांतून मोटरचा एकसुरी आवाज कानावर येतो. तो आवाज धार काढण्याच्या यंत्राचा असतो. पूर्वी दोन-तीन गाई असलेला शेतकरी हाताने धार काढी. आता दहा-वीस संकरित गाई असलेले गोठे पुष्कळ झाले आणि धार काढायला माणूस मिळेना. त्यामुळे यंत्र घरोघर आले. यंत्र विकणारे सर्वत्र आहेत, पण ते नीट दुरुस्त करणारा माणूस तालुक्यातही शोधावा लागतो. गॅरेज, मोटर वाइंडिंग, फ्रिज दुरुस्ती या कामांत आपली कितीतरी मुले आहेत. त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या घरी गाई आहेत अशा वाचकांसाठीही, आज या यंत्राच्या पंपाची माहिती देत आहोत.

आधी आमची चूक

आम्ही फ्रिजच्या कामातून या धंद्यात आलो. एका गोठ्यावर मालक म्हणाले, "धार काढायला फार वेळ लागतो, काहीतरी करा." आम्ही रेग्युलेटर आवळला आणि काटा ३५० वरून ४३० वर नेला. धार लवकर उरकली, मालक खूश झाले, आम्हीही खूश झालो. तीन आठवड्यांत सडांची टोके कडक झाली आणि चार गाईंना दगडी, म्हणजे कासदाह झाला. एका गाईचे एक सड कायमचे गेले. डॉक्टरांनी सड पाहून आधी गेजकडे बोट दाखवले. तेव्हा आम्हाला कळले की फ्रिजच्या कामात जितका जास्त व्हॅक्यूम तितके चांगले, पण इथे तसे नाही. इथे यंत्राच्या दुसऱ्या टोकाला जिवंत जनावर आहे.

पंप काय करतो?

पंपाच्या गोल पोटात एक रोटर किंचित एका बाजूला सरकवून बसवलेला असतो. रोटरच्या खाचांत पाती, म्हणजे व्हेन, सैल असतात. रोटर फिरला की पाती बाहेर फेकली जाऊन पोटाच्या भिंतीला घासत जातात आणि पाइपातील हवा ओढून बाहेर टाकतात. फ्रिज मेकॅनिकचा पंप आणि अन्न गोठवून सुकवणाऱ्या यंत्राचा पंप बहुधा याच जातीचे असतात. फरक खोलीचा आहे. गोठवलेल्या अन्नातील बर्फाची थेट वाफ व्हायची तर बाष्पाचा दाब पाऱ्याच्या साडेचार मिलिमीटरच्याही खाली न्यावा लागतो. गाईसाठी मात्र बाहेरच्या हवेपेक्षा ३०० ते ३८० मिलिमीटर (४० ते ५० किलोपास्कल) कमी दाब पुरतो. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो, तोच धरावा. म्हणून एका कामाचा पंप किंवा त्याचे ऑइल दुसऱ्या कामाला लावू नये.

आणखी एक गोष्ट. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब ७६० ऐवजी साधारण ७०० मिलिमीटरच भरतो. त्यामुळे पंपाची ताकद किनाऱ्यापेक्षा थोडी कमी पडते. पंप घेताना अगदी काठावरचा न घेता थोडा मोठा घ्यावा.

रोजची निगा

१) ऑइल पाहणे. ऑइलवर चालणाऱ्या पंपात थेंबथेंब ऑइल आत जाते आणि हवेबरोबर बाहेर पडते. बाटली रिकामी राहिली तर काही धारांतच पाती जळतात. धुराड्याच्या तोंडापुढे पांढरा कागद क्षणभर धरावा. कागदावर ऑइलचा बारीक ओलावा दिसला तर ठीक. कोरडा राहिला तर ऑइल पोचत नाही. निळा धूर येत असेल तर ऑइल जास्त जाते.

२) गाडीतून काढलेले काळे ऑइल कधीही घालू नये. त्यातील काजळी आणि लोखंडाचे कण पात्यांना कानसीसारखे घासतात. ज्या पंपात कार्बनची पाती असून ते कोरडे चालवायचे असतात, त्यांत एक थेंबही ऑइल घालू नये. कोणता पंप आहे हे आधी पाहावे.

३) पंप आणि पाइप यांच्यामधला सापळा, म्हणजे ट्रॅप, रोज रिकामा करून धुवावा. दूध किंवा पाणी चुकून ओढले गेले तर ते इथे अडते. आतला गोळा मोकळा हलतो का ते पाहावे.

४) धार संपली की यंत्र धुवून झाल्यावर पंप पाच मिनिटे नुसता चालवावा. आतली ओल निघून जाते. पावसाळ्यात हे विसरू नये.

५) धार चालू असताना वीज गेली तर आधी क्लस्टरचा व्हॅक्यूम बंद करून ते हलकेच काढावे. पंप थांबताना पाइपातील व्हॅक्यूममुळे उलटा फिरतो आणि धुराड्यातील घाण आत ओढतो. म्हणून उलटी हवा अडवणारा व्हॉल्व्ह बसवलेला असावा.

आठवड्याची व महिन्याची कामे

पट्टा अंगठ्याने मधोमध दाबावा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर बरोबर. सैल पट्टा घसरतो आणि काटा खाली येतो, फार ताणला तर बेअरिंग जाते. रेग्युलेटरची जाळी कोरड्या फडक्याने पुसावी, तिला ऑइल लावू नये, कारण त्यावर धूळ चिकटते. पल्सेटरच्या गाळणीतही शेणाची धूळ आणि भुसा बसतो, तोही साफ करावा. लायनरमध्ये अंगठा घालून मिनिटभर ठोके मोजावेत. गाईसाठी ते साठच्या आसपास असावेत.

रबरी लायनर साधारण २५०० धारांनंतर किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, बदलावेत. हिशेब सोपा आहे. दहा गाई, दोन वेळा, एकच क्लस्टर, म्हणजे दिवसाला २० धारा. २५०० ला २० ने भागले की १२५ दिवस येतात, म्हणजे चार महिने. रबर वरून चांगले दिसते म्हणून लोक वर्षभर चालवतात. आतून ते फुगलेले आणि भेगाळलेले असते. त्या भेगांत जंतू राहतात आणि पुढचा खर्च औषधाचा होतो.

काटा चढत नाही, तर काय?

अशा वेळी बहुतेक जण थेट पंप उघडतात. तसे करू नये. क्रमाने जावे.

पहिले, सर्व नळ बंद करून पंप चालवा आणि रेग्युलेटरजवळ कान द्या. काटा ठरलेल्या आकड्यावर असेल आणि हवा आत जाताना सूं असा आवाज येत असेल तर पंपाकडे ताकद शिल्लक आहे. आवाज नसेल तर पुढे जा. दुसरे, क्लस्टरची नळी, जारचे झाकण, नळ, सांधे एकेक करून तपासा. दोष पुष्कळदा झाकणाच्या रबरातच सापडतो. तिसरे, पाइप सोडवून गेज थेट पंपाच्या तोंडाला काही सेकंदच लावा. तिथे काटा झटकन चढला तर पंप निर्दोष आहे, गळती पाइपात आहे. तिथेही चढला नाही तर पट्टा, मोटरचा व्होल्टेज आणि फिरण्याची दिशा पाहा. एवढे करून मगच पंप उघडा.

पंपात दूध गेले असेल तर उशीर करू नये. दूध आत वाळले की पाती खाचांत चिकटतात आणि लोखंड गंजते. मेन स्विच बंद करून तोंडातून थोडे डिझेल घालावे, पुली हाताने फिरवावी, घाण बाहेर काढावी, असे दोन-तीनदा करून मग ताजे ऑइल घालून पुन्हा हाताने फिरवावे. पाती झिजली असतील तर सगळा संच बदलावा. एकच नवे पाते घातले तर ठोका बसतो. पंपाच्या पोटाला चरे पडले असतील तर नवी पातीही टिकणार नाहीत, हे मालकाला आधी सांगावे.

धंदा म्हणून

या कामाला मोठे भांडवल लागत नाही. चांगला व्हॅक्यूम गेज, मल्टिमीटर, पान्यांचा संच, पुलर, आणि आपल्या भागात चालणाऱ्या दोन-तीन मेकच्या पंपांची पाती, पट्टे, लायनर व झाकणाची रबरे जवळ ठेवावीत. आपला गेज एखाद्या नव्या गेजशी अधूनमधून पडताळून पाहावा, कारण चुकीचा गेज घेऊन फिरणारा मेकॅनिक प्रत्येक गोठ्यावर चूक वाटतो. बाभळेश्वरचे कृषी विज्ञान केंद्र आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ जिल्ह्यातच आहेत. तेथील जाणकारांना भेटावे. सडाची तपासणी कशी करतात हे मेकॅनिकनेही एकदा पाहून घेतले पाहिजे. लोणी आणि घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ओळखी वाढतात.

यंत्र बंद पडण्याची वाट न पाहता दर तीन महिन्यांनी फेरी ठरवून घ्यावी. प्रत्येक गोठ्यात एक कार्ड टांगावे. त्यावर तारीख, गेजचा आकडा, ठोके, ऑइल आणि लायनर बदलल्याचा दिवस लिहावा. शेतकऱ्यालाही ते दिसते आणि आपल्या कामाचा पुरावा राहतो. अर्थिंग आणि पट्ट्यावरची जाळी यांत मात्र कोणाचेही ऐकू नये. ओला गोठा, उघडी वायर आणि अनवाणी माणूस एकत्र आले की एक चूकही जीव घेते.

शेवटी एकच सांगणे. मालक म्हणतील, "काटा थोडा वर घ्या, लवकर आटपू द्या." तेव्हा नाही म्हणायला शिकावे. त्या दिवशी ते नाराज होतील. पण ज्याच्या गाईंना दगडी होत नाही, त्याच गोठ्याचा मालक पुढे शेजारच्या चार गोठ्यांत आपले नाव सांगतो. आम्ही हे त्या चार गाईंच्या नुकसानीतून शिकलो. वाचकांना ते इतके महाग पडू नये, एवढ्यासाठी हा लेख.