वाटेत भेटलेला अनोळखी माणूस आणि आपला कायदा



सुट्टी लागली की दोन दिवसांत आपली शाळा रिकामी होते. काळ्या ट्रंका व्हरांड्यात येतात आणि कोणी बिहारकडे, कोणी केरळकडे, तर आमच्यासारखे काही कोल्हापूर-साताऱ्याकडे निघतात. शाळेच्या फाटकापासून घराच्या दारापर्यंत आपल्याबरोबर असतात ती बहुतेक सगळी अनोळखी माणसं. सरकून बसायला जागा देणारे काका, डब्यातली चपाती बळेच हातात ठेवणाऱ्या मावशी, चुकीच्या फलाटावर उभ्या असलेल्या मुलाला धावत योग्य गाडीपर्यंत पोहोचवणारा हमाल. परत आल्यावर डॉर्मिटरीत आपण हे किस्से एकमेकांना सांगतो.

मला मात्र आज थोड्या वेगळ्या मदतीबद्दल लिहायचं आहे. रस्त्यावर अपघात झाला, तर अनोळखी माणूस थांबतो का? थांबत नसेल, तर का? हा विषय निवडण्याचं कारण माझ्या घरातलंच आहे.

मी आठवीत होतो. माझे बाबा दुधाचा टेम्पो चालवतात. डिसेंबरमधल्या एका पहाटे धुक्यात मागून आलेल्या गाडीने त्यांच्या टेम्पोला धडक दिली आणि ती गाडी तशीच निघून गेली. टेम्पो उलटला, बाबांचा पाय मोडला आणि मांडीतून रक्त वाहू लागलं. पाठोपाठ राजस्थानचा नंबर असलेला एक ट्रक येत होता. त्याच्या चालकाने आपला ट्रक टेम्पोच्या मागे थोडा आडवा उभा केला, सगळे दिवे लुकलुकते ठेवले आणि क्लीनरला बॅटरी देऊन मागच्या गाड्या थांबवायला पाठवलं. शेजारच्या फडावर ऊसतोडीला आलेल्या एक बाई आवाज ऐकून धावत आल्या. त्यांनी डोक्याचा पंचा सोडून जखमेवर दाबून धरला आणि रुग्णालय येईपर्यंत हात उचलला नाही. एका जीपवाल्याने गाडी दिली. ट्रकचालक जीपमध्ये बाबांचा पाय सरळ धरून बसला होता.

रुग्णालयात नाव लिहून घ्यायची वेळ आली, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, “मेरा नाम मत लिखना, भाई. बाल-बच्चे वाला हूँ.” आणि तो निघून गेला. ऊसतोडीच्या बाईसुद्धा माझी आई पोहोचायच्या आत फडावर परतल्या होत्या. वेळेत रक्त दाबलं गेलं म्हणून बरं झालं, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं. बाबा आज पुन्हा टेम्पो चालवतात. त्या दोघांची नावं आम्हाला माहीत नाहीत.

बाईंना कामावर जायचं होतं, हे मला समजलं. पण ट्रकचालकाचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ज्याने एक जीव वाचवला, त्याने आरोपीसारखे हात का जोडावेत? त्याचं उत्तर शोधताना जे वाचलं, ते इथे मांडतो आहे.

भीती कुठून आली?

भारतात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं दगावली. म्हणजे दर तासाला सुमारे 19. वेळेवर उपचार मिळाले, तर यातली किती वाचू शकतात? विधी आयोगाने 2006 सालच्या आपल्या 201 व्या अहवालात म्हटलं होतं की जखमीला पहिल्या तासाभरात उपचार मिळाले, तर किमान निम्मे मृत्यू टाळता येतील. या पहिल्या तासाला ‘गोल्डन अवर’ म्हणतात. त्या तासात जखमीजवळ डॉक्टर नसतो आणि घरचं माणूसही नसतो. तिथे असतो तो रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस.

तो थांबत नाही, कारण त्याला भीती वाटते. पोलीस पुन्हा पुन्हा बोलावतील, कोर्टात खेटे घालावे लागतील, रुग्णालय आपल्याकडूनच पैसे मागेल, आणि आपणच धडक दिली असा संशय येईल. ही भीती उगीच आलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात हे स्पष्ट दिसतं. एका स्कूटरस्वाराला मोटारीने धडक दिली. ते पाहणाऱ्या एका माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ही पोलीस केस आहे म्हणून उपचार नाकारले आणि सुमारे 20 किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्यायला सांगितलं. तो माणूस जखमीला घेऊन तसाच तिकडे निघाला, पण जखमीने वाटेतच प्राण सोडला. परमानंद कटारा यांनी हा प्रश्न न्यायालयात नेला. 1989 साली न्यायालयाने निकाल दिला की जखमीचा जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं काम आहे. पोलिसांची कागदपत्रं नंतर.

या निकालाने डॉक्टरांचं कर्तव्य ठरलं, पण जखमीला आणणाऱ्याची भीती शिल्लक राहिली.

कायदा कसा बदलला?

2007 साली दिल्लीत शाळेतून घरी निघालेल्या एका मुलाला वाहनाने धडक दिली. तो रस्त्यावर पडून होता, माणसं जवळून जात होती, पण वेळेवर मदत मिळाली नाही आणि तो गेला. वयाने तो आपल्याएवढाच होता. त्याचे नातेवाईक पीयूष तिवारी यांनी पुढच्या वर्षी ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ ही संस्था सुरू केली. मदत करणाऱ्यांना संरक्षण मिळावं म्हणून ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. केंद्र सरकारने मे 2015 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 30 मार्च 2016 रोजी न्यायालयाने त्या देशभर बंधनकारक केल्या. 2019 साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा होऊन कलम 134-अ आलं आणि सप्टेंबर 2020 मध्ये त्याचे नियमही निघाले.

या कायद्यात मदत करणाऱ्याला ‘गुड समॅरिटन’ म्हटलं आहे. हे नाव बायबलमधल्या एका गोष्टीवरून आलं. जेरुसलेमहून जेरिकोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला मारून टाकून दिलं होतं. धर्माची कामं करणारे दोघे जण त्याला पाहून पलीकडून निघून गेले. थांबला तो समॅरिया प्रांतातला एक वाटसरू. त्या काळी यहुदी आणि समॅरियाचे लोक एकमेकांशी संबंध ठेवत नसत. तरी त्याने जखमा बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेलं आणि पुढचा खर्चही दिला. आपल्या कायद्यानेही हीच व्याख्या धरली आहे: जो सद्भावनेने, स्वतःहून आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता मदत करतो, तो.

अशा माणसाला कायदा काय देतो, ते मी सोप्या शब्दांत लिहितो.

मदत करताना त्याच्या हातून काही कमी-जास्त झालं आणि जखमीला इजा झाली किंवा तो दगावला, तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही.

त्याने नाव, पत्ता किंवा फोन नंबर द्यावा अशी सक्ती पोलीस किंवा इतर कोणीही करू शकत नाही. त्याला द्यावंसं वाटलं, तर तो देऊ शकतो.

रुग्णालय त्याला अडवून ठेवू शकत नाही आणि जखमीच्या उपचाराचे पैसे त्याच्याकडे मागू शकत नाही. मदत करणाऱ्याचे हक्क रुग्णालयाने प्रवेशद्वाराजवळ हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत लावायचे असतात.

साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्याने ठरवायचं. तो तयार असेल, तर त्याच्या सोयीच्या जागी आणि वेळी त्याचा जबाब घ्यायचा असतो. धर्म, जात, स्त्री-पुरुष असा भेद न करता त्याला सन्मानाने वागवायचं असतं.

लक्षात ठेवा, हे संरक्षण मदत करणाऱ्यासाठी आहे. ज्याच्या वाहनाचा अपघातात संबंध आहे, त्या चालकावर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याची जबाबदारी आधीपासूनच आहे. मदत करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची बक्षीस योजनाही आहे. तिचं नाव ‘राहवीर’ असून 2025 पासून बक्षिसाची रक्कम 25,000 रुपये झाली आहे.

आता पुन्हा त्या ट्रकचालकाकडे पाहा. त्याने नाव न सांगता निघून जावं, हा त्याचा हक्कच होता. हात जोडायची त्याला काहीच गरज नव्हती. कायदा त्याच्या बाजूने उभा होता, पण ही गोष्ट त्याला कोणीच सांगितली नव्हती. तो घाबरूनही थांबला, हा त्याचा मोठेपणा. भीतीने न थांबलेले असे किती चालक त्या पहाटे पुढे गेले असतील, याचा विचार मी अजून करतो.

आपण काय करायचं?

एन.सी.सी.च्या तासाला आपण प्रथमोपचार शिकतो. त्यातलं जे रस्त्यावर सगळ्यात आधी लागतं, तेवढंच सांगतो. त्या पहाटेच्या माणसांनी यातलं बरंचसं न शिकताच केलं होतं.

आधी जागा सुरक्षित करा. धावत रस्त्यात शिरू नका. मागून येणाऱ्या वाहनांना लांबूनच कळेल अशी काही खूण करा आणि अपघातग्रस्त गाडीचं इंजिन बंद करायला सांगा. ट्रक आडवा लावण्यामागे हाच विचार होता.

मग फोन. 112 हा देशभर चालणारा आपत्कालीन क्रमांक आहे, रुग्णवाहिकेसाठी बहुतेक राज्यांत 108 आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033. जवळचा किलोमीटरचा दगड, गाव, कुठल्या दिशेची लेन आणि जखमी किती, हे शांतपणे सांगा.

रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबा आणि दाबूनच ठेवा. किती थांबलं हे पाहायला कापड उचलू नका. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा.

आगीसारखा धोका नसेल, तर जखमीला ओढू किंवा उठवून बसवू नका. मानेला किंवा पाठीच्या कण्याला मार असेल, तर त्याने कायमचं नुकसान होऊ शकतं. हलवावंच लागलं, तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवा. श्वास अडत नसेल, तर हेल्मेट ओढून काढू नका. श्वासच थांबला असेल आणि तुम्ही शिकला असाल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा दाब द्या.

पाणी किंवा चहा पाजू नका. अंगावर काहीतरी पांघरा, जवळ बसा आणि बोलत राहा. फोटो काढू नका, इतरांनाही काढू देऊ नका.

आपण अठरा वर्षांच्या आतले असलो, तरी फोन करणं, मोठ्यांना बोलावणं आणि रक्त दाबून धरणं आपल्या हातात आहे. आपल्या अंगावर शाळेचा गणवेश असतो. तो पाहिला की लोक आपलं ऐकतात, हा अनुभव तुम्हालाही असेल.

सुट्टीचा गृहपाठ

या सुट्टीत प्रत्येकाने एवढंच करावं. रोज रस्त्यावर असणारी तीन माणसं निवडावीत. रिक्षावाले काका, गावातला टेम्पोवाला, ट्रकवर जाणारा मामा, कोणीही. त्यांना आपल्या बोलीत तीन वाक्यं सांगावीत: जखमीला मदत केली तर नाव सांगायची सक्ती नाही, रुग्णालयात पैसे भरावे लागत नाहीत, आणि मदत केली म्हणून कोणी गुन्हा दाखल करू शकत नाही. सोबत 112 हा क्रमांक द्यावा.

मी ही वाक्यं मराठीत एका कागदावर लिहून ठेवली आहेत. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मित्राने ती भोजपुरीत उतरवली आणि हाऊसमधले दोघे जण कन्नड आणि मारवाडीत लिहीत आहेत. ज्यांना ती हवी असतील, त्यांनी सुट्टीला निघण्याआधी आमच्या डॉर्मिटरीच्या सूचना फलकावरून उतरवून घ्यावीत.