कारवानी पिल्लू घरी आणताना

लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट: कारवानी कुत्रं वासामागे नाही, नजरेमागे धावतं. लातूरच्या चाकूर तालुक्यातलं जानवळ या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. नांदेडकडे माळेगावच्या खंडोबा यात्रेत श्वान प्रदर्शन भरतं. पिल्लू आणायचं तर त्याचा स्वभाव आधी समजून घ्या. ते मानी आणि हळवं असतं. परक्याचा हात त्याला खपत नाही.

१. दोन महिने पुरे होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडू नका. आई कशी वागते ते बघा. बऱ्याचदा पिल्लूही त्याच वळणावर जातं.

२. पहिले आठ दिवस उचलाउचल नको. जमिनीवर बसा, तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवा आणि गप्प राहा. ते मान लांबवेल, हुंगेल, मागे सरकेल, पुन्हा येईल. तुकडा उचलला की नावाने हाक मारा. रोज हेच करा.

३. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, जोडीला उकडलेलं अंडं किंवा शिजवलेलं मटण द्या. शिजलेली हाडं नकोत, ती आतड्याला टोचतात. मोठ्या कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तर घाबरू नका, त्याची अंगकाठीच तशी. पाठीचा कणा टोचायला लागला, तर मात्र आहार वाढवा.

४. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची. जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने. काही भुलीची औषधं या कुत्र्यांना उतरायला वेळ लागतो. शस्त्रक्रियेआधी जात सांगाच.

५. उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो, म्हणून धावणं पहाटेच. वर्षाचं होईपर्यंत दमवू नका. खाल्ल्यावर किमान तासभर पळवू नका.

६. संध्याकाळी पंजे उघडून बाभळीचे काटे काढा, कानात आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघा. कातडी पातळ असते, तारेच्या कुंपणाने लगेच फाटते. कोपरांना घट्टे पडू नयेत म्हणून झोपायला जाड गोणपाट द्या.

७. ससा-हरणामागे सोडू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार हा गुन्हा आहे. मोकळं सोडायचं ते बंदिस्त रानातच.

या कुत्र्यावर काठी कधीच उगारू नका. सुटलेलं कारवानी पळून धरता येत नाही. ते परत येतं ते फक्त हाकेवर. ती हाक तुम्ही पहिल्या आठवड्यात, तळहातावरच्या त्या तुकड्याबरोबर शिकवलेली असते.