कार्ड दिलं एकाला, फोन आला दुसऱ्याचा

कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओ इथे २००४ च्या सुमारास जिगसॉ नावाची कंपनी सुरू झाली. विक्री करणाऱ्यांची जुनी अडचण तिने नेमकी हेरली होती. समोरच्या कंपनीत खरेदीचा निर्णय कोण घेतं आणि त्याचा थेट नंबर कोणता, एवढं कळायलाच त्यांचे आठवडेच्या आठवडे जात. जिगसॉने यावर देवघेव बसवली. आपल्याकडच्या व्हिजिटिंग कार्डांवरची माहिती भरायची, त्याचे गुण मिळवायचे आणि त्या गुणांवर इतरांनी भरलेली कार्डं पाहायची. चुकलेली नोंद दाखवून दिली तरी गुण मिळत.

ही कल्पना चालली, कारण संपर्कांच्या याद्या फार लवकर जुन्या होतात. कुणाला बढती मिळते, कुणी नोकरी बदलतं, कुणाचं ऑफिस दुसऱ्या शहरात जातं. हजारो वापरणारे रोज दुरुस्त करत असलेल्या यादीपुढे विकत घेतलेली छापील डिरेक्टरी टिकत नाही. २०१० मध्ये सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे १४.२ कोटी डॉलर मोजून जिगसॉ विकत घेतली, तेव्हा तिच्याकडे दोन कोटींहून अधिक संपर्क जमले होते.

ज्यांची ती कार्डं होती, त्यांना मात्र कुणी विचारलं नव्हतं. टेकक्रंच या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाचे मायकेल अ‍ॅरिंग्टन यांनी २००६ मध्येच यावर कडक टीका केली होती.

पुढे सेल्सफोर्सने ती सेवा बंद केली, पण पद्धत टिकली आणि आणखी सोपी झाली. झूमइन्फोसारख्या कंपनीच्या मोफत आवृत्तीत माहिती हाताने भरावी लागत नाही. वापरणारा आपल्या मेलबॉक्सची परवानगी देतो आणि ईमेलखालच्या सहीतलं नाव, हुद्दा, फोन नंबर आपोआप उचलला जातो. कार्ड भरणारा निदान प्रत्येक नावापाशी थांबत होता. मेलबॉक्स जोडणाऱ्याला तेवढाही विचार करावा लागत नाही.

याचा फटका कसा बसतो, ते पुण्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांसाठी भरतीचं काम करताना मी जवळून पाहिलं. आमच्या ओळखीच्या एका संस्थेतल्या तरुण रिक्रूटरने मोफत संपर्क मिळतात म्हणून ब्राउझरला एक एक्स्टेन्शन जोडलं आणि मेलबॉक्स खुला केला. त्यात चाकणच्या एका प्रॉडक्शन मॅनेजरचे ईमेल होते. नोकरी बदलायचा विचार त्याने घराबाहेर कुणालाच सांगितला नव्हता. सहीखाली त्याचा खासगी मोबाइल नंबर होता. काही दिवसांत त्या नंबरवर आधी मशिनरी विकणाऱ्यांचे आणि मग इतर रिक्रूटरांचे फोन सुरू झाले. त्यातला एक फोन आला तो प्लँट हेडसमोर, मीटिंग चालू असताना. त्या मॅनेजरने मुलाखतीची प्रक्रिया तिथेच थांबवली. “मॅडम, हा नंबर मी फक्त तुम्हाला दिला होता,” एवढंच तो त्या रिक्रूटरला म्हणाला.

उमेदवाराची जोखीम ग्राहकापेक्षा मोठी असते. विक्रेत्याचा नको असलेला फोन कापता येतो. नोकरी शोधतोय ही बातमी एकदा साहेबांच्या कानावर गेली, की परत घेता येत नाही. शिवाय एका जागी साठलेला एवढा डेटा फुटूही शकतो. २०१८ मध्ये अपोलो या विक्रीसेवा कंपनीचा डेटाबेस उघडा पडला आणि त्यात १२ कोटींहून अधिक ईमेल पत्ते होते.

कायदाही आता जागा झाला आहे. फ्रान्सच्या सीएनआयएल या नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये कास्पर या कंपनीला २ लाख ४० हजार युरोंचा दंड ठोठावला. लिंक्डइनवर ज्यांनी आपला संपर्क मोजक्या लोकांपुरता ठेवला होता, त्यांचीही माहिती तिने गोळा केली होती. भारतात २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा मुख्यतः संमतीवर उभा आहे. माणसाने स्वतःहून जगजाहीर केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, पण विश्वासाने एकाच व्यक्तीला पाठवलेल्या ईमेलला जगजाहीर म्हणता येणार नाही.

म्हणून भरती आणि विक्रीत नव्याने आलेल्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं: उमेदवारांशी पत्रव्यवहार होणारा मेलबॉक्स अशा कोणत्याही सेवेला जोडू नका. आधीच जोडला असेल, तर गुगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात कुठल्या अ‍ॅप्सना परवानगी आहे ते पाहा आणि ती काढा. परवानगी काढल्याने आधी गेलेली माहिती मिटत नाही. त्यासाठी कंपनीला वेगळं लेखी कळवावं लागतं. डेटाबेस विकत घ्यायचा असेल, तर विक्रेत्याला दोन प्रश्न विचारा: नोंद कुठून आली, आणि शेवटची कधी तपासली?

फोन केल्यावर समोरच्याने “माझा नंबर कुठून मिळाला?” असं विचारलं, तर खरं उत्तर द्या. तो “काढून टाका” म्हणाला, तर नोंद नुसती पुसून भागत नाही. तोच नंबर दुसऱ्या कुणाच्या मेलबॉक्समधून पुन्हा यादीत येतो आणि महिन्याभराने दुसराच सहकारी त्याला फोन लावतो. ‘संपर्क नको’ अशी वेगळी यादी ठेवा आणि प्रत्येक नवी यादी वापरण्याआधी तिच्याशी ताडून पाहा.

नोकरी शोधणाऱ्यांनीही एवढं करावं: ईमेलच्या कायमच्या सहीतून खासगी नंबर काढावा, आणि ज्याला द्यायचा त्यालाच तो वेगळा कळवावा. अशा बहुतेक कंपन्यांच्या गोपनीयतेच्या पानावर नोंद काढून घेण्याचा अर्ज असतो. तो भरल्यावर पोचपावतीचा ईमेल जपून ठेवावा, म्हणजे तीच नोंद पुन्हा दिसल्यास तक्रारीसोबत जोडता येईल.