घरी रंगवलेले केस बिघडले, ग्राहक तुमच्या दारात आली: आता काय?



बटांवरचं प्रात्यक्षिक व्हिडिओत पाहिलंच असेल. हा त्याचा लेखी धडा. वही-पेन घेऊन बसा, कारण यातली निम्मी गोष्ट हाताची आहे आणि निम्मी धंद्याची.

लग्नसराईतली एक दुपार डोळ्यासमोर आणा. तुम्ही रिसोडला किंवा मंगरुळपीरला घरच्याच खोलीत पार्लर मांडलंय. डोक्यावरून ओढणी घट्ट गुंडाळलेली एक मुलगी आत येते आणि दार लावून घेते. ओढणी काढते तर मुळाशी चार बोटं केस नारंगी, खाली सगळे काळे कुळकुळीत. "ताई, चार दिवसांवर बहिणीचं लगन हाय वो. पाकिटावर तर मस्त ब्राऊन दिसत होतं. काहीबी करा, पण हे नीट करून द्या."

अशा वेळी नव्या पार्लरवाल्या ताईचा हात लगेच ब्लीचच्या डब्याकडे जातो. माझाही गेला होता. पार्लर सुरू करून वर्षही झालं नव्हतं. काळी मेहंदी लावलेल्या केसांवर काही न विचारता मी ब्लीच लावलं. थोड्याच वेळात फॉईल हाताला गरम लागायला लागली. धुताना एक अख्खी बट माझ्या हातात आली. मी पैसे परत केले, माफी मागितली. पण ती बाई परत आली नाही आणि तिच्या गल्लीतलं कुणीच आलं नाही. म्हणून सांगते, बिघडलेला रंग आणखी रंग लावून नाही, आधी विचारपूस करून सुधारतो.

पहिली १५ मिनिटं: हातात काही घेऊ नका, फक्त विचारा

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे ३० सेंटिमीटरचे केस ही दोन वर्षांची डायरी आहे. टोकाला दोन वर्षांपूर्वी लावलेलं अजून बसलेलं असतं. म्हणून "काल काय लावलं?" एवढंच विचारून भागत नाही. हे पाच प्रश्न कार्डावर लिहून ठेवा:

१. गेल्या दोन वर्षांत केसांना काय काय लावलं? मेहंदी, काळी मेहंदी, डाय, स्ट्रेटनिंग, सगळं.
२. पाकीट आहे का? नसेल तर दुकानातून त्याचा फोटो मागवा.
३. रंग किती वेळ ठेवला? मुळांना आधी लावला की टोकांना?
४. खाज, आग, सूज, पुरळ काही आलं का? आधी कधी आलं होतं का?
५. केस कोणत्या पाण्यानं धुता? बोअरचं पाणी जड असेल तर केसांवर क्षार बसतात आणि रंग एकसारखा चढत नाही.

पहिल्या प्रश्नाला बहुतेक जणी म्हणतात, "फक्त मेहंदी लावते." तिथे थांबू नका. शुद्ध मेहंदी कधीच काळी रंगत नाही, ती तांबूस-नारंगीच रंगते. तासाभरात केस काळे करणाऱ्या 'काळ्या मेहंदी'त बहुतेक वेळा पीपीडी नावाचं डायचं रसायन असतं. काही पुड्यांमध्ये धातूंचे क्षारही असतात आणि ते पेरॉक्साइडला भेटले की केस तापतात, तुटतात. माझी फॉईल का तापली, ते मला नंतर कळलं.

आणि हो, रागावू नका. "घरी कशाला केलं?" हे वाक्य ऐकायला ती आलेली नाही. ते तिनं सासूकडून आधीच ऐकलेलं असतं.

तीन चाचण्या, ज्यांना सुट्टी नाही

ओढून बघा. ओला केस हलकेच ओढा. थोडा ताणून परत जागेवर आला तर ठीक. चिकट होऊन लांबतच गेला किंवा तटकन तुटला, तर आज कोणतंही रसायन नाही.

बट बुडवून बघा. मानेच्या वरची आतली छोटी बट कापा, दोऱ्यानं बांधा. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या वाटीत २० व्हॉल्यूम डेव्हलपर आणि थोडे थेंब अमोनिया घेऊन त्यात अर्धा तास ठेवा. वाटी धातूची नको. वाटी तापली, वाफ आली, घाण वास आला किंवा बट तुटायला लागली तर त्या केसांवर पेरॉक्साइडचं काम करायचं नाही. बट ठीक राहिली, तर दुसऱ्या बटेवर प्रत्यक्ष लावायचा रंग लावून बघा.

कानामागे लावून बघा. जो रंग लावणार, तोच थोडासा कानामागे लावून ४८ तास वाट बघायची. केसांच्या डायच्या पाकिटावर आधी चाचणी करण्याचा इशारा छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. इतका बारीक छापलेला असतो की वाचतं कोण? तुम्ही वाचायचा. तो तुमच्या धंद्याचा विमा आहे.

खाज-सूज आधीच असेल तर हे काम पार्लरचं राहिलं नाही. डोकं साध्या पाण्यानं भरपूर धुवा आणि तिला डॉक्टरकडे पाठवा. चेहरा किंवा डोळे सुजले, श्वास लागला तर एक मिनिट न घालवता दवाखाना गाठा. अशा बाईला पुन्हा कधीही पीपीडीचा रंग लावायचा नाही, तिनं कितीही आग्रह केला तरी.

रंगाचा हिशोब: दोन नियम पाठ करा

पहिला नियम: रंगानं रंग उतरत नाही. आपल्या मुलीच्या डोक्यावर हेच झालं. तिनं बऱ्याच महिन्यांपासून काळी मेहंदी लावली नव्हती, म्हणून मुळाशी नैसर्गिक केस वाढलेले होते. त्या केसांवर ब्राऊन रंगातल्या पेरॉक्साइडनं काम केलं आणि टाळूच्या उबेनं ते आणखी जोरात केलं. खालच्या जुन्या काळ्या डायवर काहीच परिणाम झाला नाही. चूक तिच्या हाताची नव्हती, पाकिटाच्या निवडीची होती.

दुसरा नियम: समोरचा रंग समोरच्याला मारतो. नारंगीला निळा, पिवळ्याला जांभळा, लालला हिरवा. आपले काळे केस उजळताना आधी लाल, मग नारंगी, मग पिवळे होतात. त्यामुळे वाशिम काय नि मुंबई काय, तक्रार बहुतेक वेळा नारंगीचीच येते.

नेहमीचे चार बिघाड

१. मुळं नारंगी, खाली काळं. खालचं उजळवायला जाऊ नका, मुळं गडद करा. नैसर्गिक छटा आणि 'ॲश' म्हणजे राखी छटा निम्मी-निम्मी मिसळा. नुसती ॲश लावली तर केस मळकट, हिरवट दिसू शकतात. खालच्या केसांपेक्षा एक पायरी उजळ रंग निवडा. कमी पडलं तर पुन्हा गडद करता येतं, जास्त झालं तर उतरवणं कठीण. डेव्हलपर शक्यतो १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, मात्र कंपनीनं पाकिटावर दिलेलं प्रमाण पाळा. रंग फक्त नारंगी भागावर लावा.

२. ठरवलं त्यापेक्षा फारच काळं झालं. दोन-तीन दिवसांच्या आत आली असेल तर खोल साफ करणाऱ्या क्लॅरिफाइंग शाम्पूनं दोन-चार वेळा धुतल्यावर थोडा फरक पडतो. रात्री तेल, सकाळी धुणं. तेवढ्यावर समाधान नसेल तर दर दोन महिन्यांनी टोकं कापत जायचा सल्ला द्या. ब्लीच हा शेवटचा पर्याय, तोही बटेची चाचणी पास झाली तरच.

३. मेहंदीनं पांढरे केस भगवे झाले. मेहंदीचा रंग केसांच्या प्रथिनाला घट्ट धरतो, तो सहजी निघत नाही. त्यावर नीळीच्या पानांची पूड लावली की भगवा रंग तपकिरी ते काळ्याकडे जातो. दुकानात 'इंडिगो पावडर' म्हणून मागा, कपड्यांची नीळ नव्हे. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, पण पाकिटावरचे घटक वाचा. त्यात नीळीशिवाय दुसरं रसायन मिसळलेलं नसावं.

४. कपाळ, कान, मान काळी. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळा, दहा मिनिटांनी मऊ कापसावर शाम्पू घेऊन पुसा. लिंबू-सोडा, रॉकेल, ब्लीच क्रीम काही नको. उरलेला डाग दोन-चार दिवसांत आपोआप जातो.

आता धंद्याचं बोलू: दर कसा सांगायचा?

दुरुस्तीचं काम रूट टचअपच्या दरात घेऊ नका. एक नमुना हिशोब देते, आकडे तुमच्या गावच्या भावानं बदला:

रंग आणि डेव्हलपर: २५० रुपये
शाम्पू, हातमोजे, कापूस: ५० रुपये
तुमचे ३ तास, तासाला १५० प्रमाणे: ४५० रुपये
लाईट, पाणी, भाडं: ५० रुपये
एकूण: ८०० रुपये
पुन्हा हात फिरवावा लागला तर त्यासाठी चौथा हिस्सा: २०० रुपये
सांगायचा दर: १,००० रुपये

विचारपूस आणि चाचण्यांचे १५० रुपये वेगळे आणि आधी घ्या. काम झालं तर ते बिलातून वजा करा, झालं नाही तर ते तुमच्या ज्ञानाचे पैसे आहेत. "एक हजार का?" विचारलं तर हिशोबाचा कागद समोर ठेवा. अकोल्याला जाऊन यायचं म्हटलं तर अख्खा दिवस आणि गाडीभाडं जातं, हे तिलाही ठाऊक आहे.

कार्डावर तिनं दिलेली उत्तरं, चाचणीचा निकाल, ठरलेला रंग आणि दर लिहा, खाली तिची सही घ्या. आधीचा आणि नंतरचा फोटो तिची परवानगी घेऊनच काढा. चेहरा न दाखवता मागून काढलेला फोटो कुणालाही चालतो.

'आज नाही' म्हणायला शिका

आपल्या मुलीला काय सांगायचं? आज सोमवार, लग्न शुक्रवारी. आज चाचण्या, कानामागे रंग. ४८ तासांनी, बुधवारी, मुळं गडद करायची. गुरुवारी फक्त तेल आणि विश्रांती. ती रडकुंडीला येऊन "आजच करा" म्हणेल. तुम्ही म्हणायचं, "बाई, आज केलं तर मला आजच पैसे मिळतील. पण तुझा चेहरा सुजला तर फोटोत बहिणीशेजारी तू कशी उभी राहशील?"

बटेची चाचणी नापास झाली तर सरळ नाही म्हणा आणि दुसरा मार्ग द्या: मुळं झाकणारा आंबाडा, गजरा, किंवा धुतल्यावर निघणारा केसांचा मस्करा. केशरचनेचे पैसे घ्या, केस मात्र वाचवा. दोन-तीन महिन्यांनी ती रंगासाठी तुमच्याकडेच येईल.

हा खरा फायदा आहे. ही बाई आतापर्यंत तुमची ग्राहक नव्हतीच, ती किराणा दुकानातल्या पाकिटाची ग्राहक होती. नीट दुरुस्ती झाली की ती दर पाच-सहा आठवड्यांनी मुळांसाठी येते. वर्षाला आठ-दहा फेऱ्या. एका हजाराच्या कामापेक्षा या फेऱ्या मोठ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

१. पाच प्रश्नांचं कार्ड मराठीत तयार करा, वीस झेरॉक्स काढा.
२. गावातल्या दुकानातून केसांच्या रंगाची पाच वेगवेगळी पाकिटं आणा आणि घटक वाचून वहीत लिहा. तुमच्या ग्राहक हीच वापरतात.
३. कापलेल्या केसांच्या बटा गोळा करा, काही मेहंदीच्या, काही डायच्या, आणि त्यांच्यावर सराव करा. पहिली चूक बटेवर होऊ द्या.
४. तुमचा दुरुस्तीचा दर वरच्या पद्धतीनं काढा आणि आरशाशेजारी लावा.

ज्यांनी कोर्स केलेला नाही त्यांनी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आरसेटीत, ब्युटी पार्लरच्या बॅचची चौकशी करा. तिथलं प्रशिक्षण मोफत असतं. उद्यम नोंदणीही सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

पुढच्या धड्यात रंगाचा स्टॉक किती ठेवायचा ते बघू. तोवर ब्लीचचा डबा वरच्या फळीवर ठेवा आणि कार्ड हाताशी.