गाळा बीडमध्ये की नारायणगडावर? सबसिडीचा हिशोब मांडूनच ठरवा



मागच्या व्हिडिओत पीएमईजीपीबद्दल बोललो. आज एकच प्रश्न घेऊ. तुम्ही बीड शहरातल्या वस्तीत राहता, राजगिरा लाडू-चिक्कीचं युनिट टाकायचंय, डोळ्यासमोर नारायणगडाची एकादशीची गर्दी आहे. मग युनिट कुठे टाकायचं?

2008 पासूनच्या या योजनेत तुमचं घर कुठे आहे हे नाही, युनिट कुठे आहे हे बघतात. नगरपरिषदेची हद्द म्हणजे शहरी, ग्रामपंचायतीची म्हणजे ग्रामीण. खुल्या प्रवर्गाला शहरात 15 टक्के, ग्रामीणला 25 टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक यांना 25 आणि 35. स्वतःचे पैसे खुल्या प्रवर्गाला 10 टक्के, बाकीच्यांना 5.

आता वही घ्या. प्रकल्प 5 लाखांचा, प्रवर्ग खुला. तुमचे 50 हजार, बँकेचे साडेचार लाख. सबसिडी बीडमध्ये 75 हजार, गडाच्या बाजूला सव्वा लाख. बघितलं की लगेच गडाकडे पळावंसं वाटतं. थांबा!

हा पैसा हातात येत नाही. तो बँकेत तुमच्या नावावर 3 वर्षं अडकून राहतो. त्यावर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. म्हणजे फेडायचे शहरात पावणेचार लाख, गावात सव्वातीन. व्याज 11 टक्के, मुदत 5 वर्षं धरली तर हप्ता अंदाजे 8,153 आणि 7,066. फरक महिन्याला 1,087 रुपये. महिन्याचे 26 दिवस काम धरलं तर दिवसाला 42 रुपये.

बीडहून रोज येणं-जाणं 42 रुपयांत होतं का? अर्धा लिटर पेट्रोलसुद्धा येत नाही! आणि गर्दी एकादशीची. मधल्या दिवसांत माल बीडच्याच किराणा दुकानांत जाणार, मग तो परत शहरात आणायचा. गावात गाळाभाडं बरंच कमी असेल किंवा तिथे नातेवाइकांची जागा असेल, तर मात्र गणित फिरतं.

काही जण शॉर्टकट सुचवतात: पत्ता गावाचा दाखवायचा, मशीन शहरात लावायचं. असलं काही करू नका. 3 वर्षांत प्रत्यक्ष तपासणी होते. युनिट जागेवर सापडलं नाही तर सबसिडी परत जाते आणि पूर्ण कर्ज तुमच्या डोक्यावर बसतं.

जिल्हा उद्योग केंद्रात जाण्याआधी तीन आकडे काढून ठेवा: दोन्हीकडचं भाडं, महिन्याचं पेट्रोल, आणि एकादशी सोडून रोज किती किलो खपेल. तिसरा आकडा घरी बसून काढू नका, दहा दुकानदारांना विचारा.