घरचं विमान : पेट्रोल टाकीतून इंजिनापर्यंत

घरी विमान बांधणं ही आता फक्त परदेशातली गोष्ट राहिलेली नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं गेलं, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याला ते उडालं. हॉस्टेलवर हा विषय निघाला की चर्चा लगेच पंख आणि हॉर्सपॉवरवर जाते. पेट्रोलच्या नळीचा विषय कोणी काढत नाही. "टाकी वर, इंजिन खाली, नळी जोडली की झालं!" हा लेख त्या नळीबद्दल आहे.

माझं म्हणणं असं की फ्युएल सिस्टिम आखताना पेट्रोलपेक्षा हवेचा विचार जास्त करावा लागतो. हे मला कोणत्याही पुस्तकाच्या आधी साखऱ्यात (ता. सेनगाव, जि. हिंगोली) विहिरीवरच्या डिझेल इंजनाने शिकवलं. टाकी पूर्ण रिकामी होईपर्यंत इंजन चालू दिलं, तर नंतर टाकी गच्च भरली तरी ते सुरू होत नाही. 'एअर घेतली' असं आमच्याकडे म्हणतात. मग पान्याने बोल्ट ढिला करायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल बाहेर जाऊ द्यायचं. शेतात याची किंमत अर्धा तास. आकाशात अर्धा तास कोण देणार?

आता थोडं गणित. पंख वर असलेल्या विमानात टाकी पंखात असते आणि पेट्रोल उंचीच्या जोरावर खाली येतं. सेस्ना १५० मध्ये हीच पद्धत आहे, पंपाची भानगड नाही. समजा टाकी कार्ब्युरेटरच्या ५० सेंमी वर आहे. पेट्रोलची घनता ७२० किलो प्रति घनमीटर धरली तर दाब येतो साधारण ३५०० पास्कल, म्हणजे ०.०३५ बार. फ्लोटच्या साध्या कार्ब्युरेटरला एवढा पुरतो. पण आजकाल सगळ्यांचं मन ज्यावर बसलेलं असतं त्या रोटॅक्स ९१२ ला किमान ०.१५ बार लागतो. एवढा दाब नुसत्या उंचीने मिळवायचा तर टाकी २.१ मीटर वर टांगावी लागेल! म्हणून त्याला पंप आलाच. शिवाय चढताना नाक वर होतं. टाकीचं तोंड कार्ब्युरेटरच्या ६० सेंमी मागे असेल आणि विमान १५ अंश कललं, तर आपल्या ५० सेंमीतले जेमतेम ३३ उरतात. इंजिनाला सगळ्यात जास्त पेट्रोल नेमकं तेव्हाच हवं असतं.

पंख खाली असतील तर आणखी एक पेच. दोन टाक्या एकत्र जोडून पंपाने ओढायला गेलो आणि एक आधी संपली, तर पंप दुसरीतलं पेट्रोल सोडून रिकाम्या टाकीतली हवा ओढतो, कारण हवा ओढणं सोपं. म्हणून तिथे 'डावी' किंवा 'उजवी' एवढंच निवडता येणारा कॉक, म्हणजे सिलेक्टर, ठेवतात. सेस्नासारखा 'दोन्ही' हा पर्याय नसतो.

या कॉकवरून एक खरी घटना सांगतो. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतला गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या समुद्रात विमान कोसळून गेला. विमान होतं लाँग-ईझी, बर्ट रुटानच्या आराखड्यावरून दुसऱ्या कोणी घरी बांधलेलं आणि डेन्व्हरने विकत घेतलेलं. मूळ आराखड्यात कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्याच्या मागे नेला, कारण त्याला कॉकपिटमधून पेट्रोलची नळी न्यायची नव्हती. विचार वाईट नव्हता. पण तो फिरवायला अंग मागे वळवावं लागे, आणि तसं वळताना उजवा पाय आपोआप रडर पेडलवर दाबला जाई, असं तपासात दिसलं. वर कॉकवर खुणा नाहीत, टाकीतली पातळी दाखवणाऱ्या काचेवरही नाहीत. इंजिन, पंख, सांगाडा यांतल्या कशाचाच दोष नव्हता. मला वाटतं, कॉकची जागा ड्रॉइंग बोर्डावर ठरवूच नये. पट्टा बांधून सीटवर बसावं, डोळे मिटावे आणि हात जिथे सहज पोचेल तिथे खडूने फुली मारावी.

हवेचं दुसरं टोक म्हणजे व्हेंट. इंजिन तासाला २७ लिटर पेट्रोल घेत असेल तर तासाला २७ लिटर हवा टाकीत आलीच पाहिजे, नाहीतर आत निर्वात होऊन प्रवाह हळूहळू बंद पडतो. व्हेंटची नळी वाऱ्याकडे तोंड करून ठेवतात, म्हणजे थोडा दाबही मिळतो. आपल्याकडे तिला जाळी हवीच. कुंभारीण माशी कुठल्याही भोकात मातीचं घर करते.

मग उन्हाळा. मे महिन्यात हिंगोलीत पारा चाळीसच्या वर, आणि इंजिनाच्या कव्हरखाली त्याहून कितीतरी जास्त. पंप इंजिनाजवळ ठेवून लांबून ओढत असेल, तर नळीतला दाब कमी होतो, त्यात ही उष्णता, आणि पेट्रोल नळीतच उकळतं. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. उपाय : इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, खाली, थंड जागी. त्याने पेट्रोल ओढू नये, ढकलावं. जास्तीचं पेट्रोल आणि वाफ टाकीत परत नेणारी नळी ठेवावी, पण ती ज्या टाकीतून घेतो तिथेच परत गेली पाहिजे.

पाणी हा जुना शत्रू. ते तळाशी बसतं म्हणून सगळ्यात खालच्या जागी ड्रेन हवा. यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पासून आपल्या पंपांवरच्या साध्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत आहे. इथेनॉल पाणी शोषतं आणि फार झालं की दोन्ही मिळून वेगळे होऊन खाली बसतात. रोटॅक्स ९१२ ला परवानगी १० टक्क्यांपर्यंतच आहे. तेव्हा चौकातल्या पंपावरून कॅन भरून आणायचा विचार सोडा. इंडियन ऑइलने देशी एव्हगॅस १०० एलएल सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणलं, तो मार्ग आहे.

शेवटी परीक्षा. ही इंजिन बंद ठेवून, उघड्यावर, विमान अर्थ करून आणि विडीवाल्यांना लांब ठेवून करायची. (ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत घरी बनवलेल्या हेलिकॉप्टरचा पंखा चाचणीतच तुटून एक तरुण गेला. तिथे इंधनाचा संबंध नव्हता, पण जमिनीवरची चाचणी म्हणजे खेळ नाही.) विमान चढाईच्या कोनात उभं करा, शेपटीचं चाक असेल तर त्याखाली खड्डा खणा. टाकीत अगदी थोडं पेट्रोल ठेवा, कार्ब्युरेटरजवळची नळी सोडून मापात धरा. नियम असा की उंचीवर चालणाऱ्या सिस्टिममध्ये टेक-ऑफच्या खपाच्या १५० टक्के प्रवाह यावा, पंपाच्या सिस्टिममध्ये १२५ टक्के. २७ लिटरच्या इंजिनाला पंपाने साधारण १०७ सेकंदांत एक लिटर पडला पाहिजे. प्रत्येक टाकीवर आणि प्रत्येक पंपावर वेगळं मोजा. धार तुटून बुडबुडे यायला लागले की थांबा. तेव्हा टाकीत जे उरलं असेल ते मोजून घ्या, ते पेट्रोल तुमचं नाही. नंतर विमान सरळ उडतानाच्या स्थितीत आणून काचेवर त्या पातळीला लाल रेघ मारा, आणि शून्य तिथून धरा.